सात नंबरची पूजा

“घे म्हणतोय तर घे की,” अण्णा म्हणाले आणि नारळ माझ्या पोटावर दाबला.

मी हात मागं घेतले. संध्याकाळचे साडेपाच वाजलेले. कंपनीच्या गेटसमोर चहाचा गाडा, पाळी सुटून माणसं बाहेर पडत होती, आणि हा माणूस सगळ्यांच्या देखत माझ्याशी झटापट करत होता. नारळ त्यांच्या परड्यातल्या झाडाचा. अर्धवट सोललेला, वर ही एवढी शेंडी.

“अण्णा, बघणारे बघायला लागल्यात.”

“बघू देत. मी काय चोरी करतोय?”

“तुम्ही न्हाई, पण मला करायला लावताय. उद्या खंडेनवमी. तुमच्या मशीनपुढं मी नारळ फोडला तर लोक माझं काय करतील, म्हाईत हाय न्हवं?”

“माझ्या नावानं फोड की. तुझ्या नावानं फोड म्हणून कोण सांगतंय?”

“मशीनला काय नाव कळतंय?”

अण्णांनी माझ्याकडं असं बघितलं, जसं काही मी त्यांच्या आईबद्दल काहीतरी बोललो होतो. “एकोणीस वर्षं,” ते म्हणाले. “एकोणीस वर्षांत एक खंडेनवमी चुकली न्हाई. तिला बिनपूजेची ठेवू नकोस, विलास. बाकी तुझ्याकडं काय मागितलं न्हाई मी.”

हे मात्र धादांत खोटं होतं. कंपनीनं कामावरनं काढल्यापासून दीड-दोन महिने रोज संध्याकाळी हे या गाड्यावर येऊन बसायचे आणि रोज एकच विचारायचे, “कुणी हात लावला का माझ्या मशीनला?” मी नाही म्हणायचो. मग चहा प्यायचे आणि सायकल हाणत नऊ किलोमीटर घरी जायचे. हे मागणं नव्हे तर काय? मला गेटबाहेर पडायचीच धास्ती बसली होती. दोनदा मी मागच्या गेटनं पळालो होतो.

शेवटी नारळ घेतला. डब्याच्या पिशवीत कोंबला आणि शेंडी दिसू नये म्हणून वर टॉवेल टाकला.

आता हे सगळं काय होतं ते सांगतो. कोल्हापूरला शिरोलीच्या एमआयडीसीत आमची कंपनी. ट्रॅक्टरच्या ब्रेकचे ड्रम करायची. बिडाचे ओतीव ड्रम यायचे, आम्ही ते सीएनसी मशीनवर कातून मापात आणायचो. सोळा मशिनी, सोळा ऑपरेटर. माझी सहा नंबर, तिच्या शेजारची सात नंबर सर्जेराव चौगुल्यांची, म्हणजे अण्णांची. मी आयटीआय करून लागलो तेव्हा सहा महिने त्यांनी मला मशीनला हात लावू दिला नाही. नुसता गेज हातात देऊन मापं घ्यायला लावायचे. चुकलो की मनगटावर फटका. तोंडानं शिव्या. पण शिकवलं, हे खरं. माझ्या हाताला जे काही येतं ते त्या माणसाचं.

त्या वर्षी मंदी आली. ऐन श्रावणात एका शुक्रवारी आठ जणांना ऑफिसात बोलावलं, आठ पाकिटं दिली, आणि सोमवारी येऊन बघतो तर आठ मशिनींवर प्लास्टिक टाकलेलं. ज्यांचा पगार जास्त ते गेले. आमच्यासारखे स्वस्तातले आठ राहिलो. हेल्पर, झाडूवाले, क्रेट ढकलणारे, सगळे गेले. म्हणजे मशीन चालवायची आम्ही, बिडाचा भुसा भरायचा आम्ही, क्रेट ओढायचे आम्ही, संडास तुंबला तर तेही आम्हीच बघायचं. पाणी प्यायला गेलं तरी सुपरवायझर घड्याळ बघायचा. आणि वर ऐकून घ्यायचं की तुम्ही नशीबवान.

हे नशीबवान म्हणणारे सोनटक्के साहेब. नवे मॅनेजर. आवाज कधी चढला नाही त्या माणसाचा, शिवी कधी दिली नाही. सगळ्यांना अहो-जाहो. मला शिव्या देणारा साहेब परवडतो. हा हसून म्हणायचा, “यादी खरं तर नऊ जणांची होती. नववं नाव मी अडवून ठेवलंय.” बस, एवढंच. नाव सांगायचा नाही. त्या एका वाक्यानं आम्हा आठ जणांचा सत्यानाश केला. आधी डबे एकत्र उघडायचो. पुढं प्रत्येक जण आपापल्या मशीनमागं बसून खायला लागला. कोण ऑफिसात जाऊन आला, कोण साहेबाच्या गाडीला हात करून उभा होता, सगळ्यावर सगळ्यांचा डोळा. धोंडिराम बुचड्यानं तर एकदा माझी कॉलर धरली, का तर मला साहेबांनी जिन्यात थांबवून पोरीची चौकशी केली म्हणून.

तरी एक गोष्ट आम्ही आठ जणांनी मिळून केली होती. दसऱ्यानंतर ट्रॅक्टरवाल्यांची ऑर्डर वाढणार होती. सोळाच्या सोळा मशिनी लागणार होत्या. तर साहेबांनी नोटीस लावली की दसऱ्यापासून एका माणसानं दोन मशिनी चालवायच्या. त्याच दुपारी कँटीनमागं आम्ही जोतिबाची आण घेतली. दुसऱ्या मशीनला कुणी हात लावायचा नाही. आठ जण ठाम राहिलो तर आठही जणांना एकदम काढता येणार नव्हतं, ऑर्डर बोंबलली असती. मग काढलेल्यांना परत बोलावण्यावाचून कंपनीला गत्यंतर नव्हतं. अण्णांच्या नोकरीची सगळी भिस्त या आणेवर होती आणि ते त्यांना पक्कं माहीत होतं.

आणि आमच्या शॉपची एक रीत होती. कुणी घातली कोण जाणे, पण कागदावरच्या नियमापेक्षा कडक. खंडेनवमीला ज्यानं मशीनची पूजा केली, नारळ फोडला, त्याची ती मशीन वर्षभर. दुसऱ्यानं तिला विचारल्याशिवाय शिवायचं नाही. नवा माणूस लागला तरी खंडेनवमीला नारळ फोडल्यावरच त्याची मशीन त्याची म्हणायचे. इस्माईल मुजावर आठ नंबरवर होता, तोसुद्धा दरवर्षी हार घालून नारळ फोडायचा. रोजीरोटी माझी हाय, मग पूजा मीच करणार, म्हणायचा.

आता कळलं ना, अण्णा माझ्या पोटावर काय दाबत होते ते?

त्याच संध्याकाळी सायकल स्टँडवर मी इस्माईलभाईला पिशवी उघडून दाखवली. त्यानं शेंडी बघितली आणि कपाळाला हात लावला.

“तू घेतलास कशाला रं?”

“काय करू? गळ्यात मारला. आन खरं सांगू का, ती तशीच कोरडी राहिलेली मला पण बघवायची न्हाई.”

“मग एक कर. गुपचूप करू नकोस. सगळी जमली की मोठ्यानं बोल, हा सर्जेरावाचा नारळ, पूजा सर्जेरावाची, मी नुसता हात लावतोय. एवढं बोललास की कुणाची काय तक्रार न्हाई. साहेबाची पण न्हाई.”

“बोलतो.”

“मोठ्यानं, विल्या. तुझी सवय म्हाईत हाय मला.”

खंडेनवमीला सकाळी आठलाच शॉप धुऊन काढलं होतं. त्या दिवशी काम नसायचं. बायकापोरं यायची. आमची रंजना हिरवी साडी नेसून, तीन वर्षांच्या पोरीला कडेवर घेऊन आली होती. तिनं काल रात्रीच मला बजावलं होतं, “काय बी करा, पण ते नववं नाव तुमचं हुऊ देऊ नका.” जसं काही ते माझ्या हातात होतं.

मधल्या टेबलावर कंपनीनं सोळा हार आणि सोळा नारळ मांडून ठेवले होते. सोळा! माणसं आठ. मला बघूनच कळलं की या शहरी माणसाला आमची रीत कुणीतरी पढवलीय. नारळ सगळे बाजारचे, एका मापाचे, गुळगुळीत सोललेले. सोनटक्के साहेब कॅमेरावाला घेऊन फिरत होते. “या, घ्या घ्या. प्रत्येकाला दोन-दोन आहेत. हेड ऑफिसला फोटो पाठवायचेत.”

आठ जणांनी आठ हार उचलले, आठ नारळ उचलले. उरलेले आठ टेबलावर तसेच. कुणी तिकडं बघितलं नाही. मला इतकं बरं वाटलं म्हणून सांगू! दीड-दोन महिन्यांत पहिल्यांदा आम्ही आठ जण एकमेकांकडं धड बघत होतो. धोंडिरामनं मला डोळा मारला. साहेबांचं हसू तसंच होतं, पण ते टेबलाभोवती दोन फेऱ्या मारून गेले.

मी माझ्या सहा नंबरची पूजा केली. मग साहेबांनी सगळ्यांना ऑफिसपुढच्या देवीच्या आरतीला बोलावलं. माणसं तिकडं सरकली. मी मागं राहिलो. सात नंबरवरचं प्लास्टिक ओढलं. आतला भुसा कुणी झाडला नव्हता, तो फडक्यानं पुसला. हळदकुंकू लावलं, घरनं आणलेली झेंडूची चार फुलं दाराच्या कडीला अडकवली आणि अण्णांचा नारळ काढला.

आता सगळ्यांना हाक मारायची होती. आरती सुरू झाली होती, टाळ्या चालल्या होत्या. म्हटलं, कशाला ओरडायचं, देवाच्या कामात अडथळा कशाला. “सर्जेराव चौगुल्यांच्या नावानं,” असं मी म्हणालो. तोंडातल्या तोंडात. आणि नारळ फोडला. इस्माईलभाई तेवढा आठ नंबरपाशी उभा होता. त्यानं मान हलवली. वाईट वाटल्यासारखी.

नारळाचा आवाज काय लपतो होय! आरती संपायच्या आत साहेब वळून आले. मागून धोंडिराम, बाकीचे, बायकापोरं, कॅमेरावाला. सगळ्यांनी फुलं बघितली, फुटलेला नारळ बघितला आणि मग मला बघितलं.

“काय रं हे?” धोंडिराम म्हणाला. “दुसरी मशीन लई गोड लागली काय?”

“धोंड्या, ऐक तरी—”

“काय ऐकू? आण घेतलीस ना रं भाड्या?”

साहेबांनी हात वर केला. “बुचडे, बायका आहेत इथं.” मग वाकून त्यांनी नारळाचं वरचं भकल उचललं. शेंडीला धरून फिरवलं. “हा आपला नाही. आपले सगळे सोललेले आहेत.” आणि माझ्याकडं वळून, त्याच गोड आवाजात, “मगदूम, हा नारळ कुणाचा?”

मी हातातल्या फडक्याची घडी घालायला लागलो.

“नाही, विचारतोय एवढंच. काढलेल्या माणसांनी गेटबाहेर बसून आतल्या लोकांच्या हातून काही कामं करवून घ्यायची, असं चाललं असेल तर मला त्याची दखल घ्यावी लागेल. आणणाऱ्याची आणि देणाऱ्याचीही. आणि समजा तुमचाच असेल, तर प्रश्नच मिटला. रीत तुमचीच आहे. ज्याची पूजा, त्याची मशीन. बरोबर ना?”

मी इस्माईलभाईकडं बघितलं. तो सरळ माझ्याकडंच बघत होता. त्यानं हनुवटी एकदा वर केली. बोल, म्हणून.

काय बोलायचं ते पाठ होतं मला. हा सर्जेरावाचा नारळ, पूजा सर्जेरावाची. एवढंच. सगळी माणसं उभी होती, मोठ्यानं बोलायला यापरीस चांगली वेळ आली नसती. धोंडिरामनं पण मग मला मिठी मारली असती. पण साहेबांच्या मागं रंजना उभी होती. पोरगी झेंडूचा हार ओढत होती. आणि मला एवढंच दिसत होतं की नववं नाव आत्ता, इथं, या माणसाच्या तोंडावर येऊन थांबलंय.

“माझा,” मी म्हणालो.

“जरा मोठ्यानं.”

“माझा हाय, साहेब. घरचा. पूजा माझीच.”

“मग सात नंबर?”

“माझी.”

इस्माईलभाईनं सांगितल्याप्रमाणं मोठ्यानं बोललो की नाही, बघा.

साहेबांनी टाळ्या वाजवल्या. सुपरवायझरनं वाजवल्या. आणि रंजनानं पण वाजवल्या, पोरीचे हात हातात धरून. मला त्या क्षणी तिची अशी चीड आली की काय सांगू. तिची काय चूक? पण आली.

कॅमेरावाल्यानं मला दोन मशिनींच्या मधोमध उभं करून फोटो घेतला. फोटो निघेपर्यंत धोंडिराम टेबलापाशी पोचला होता. त्यानं एक नारळ उचलला, एक हार उचलला, आणि तीन नंबरच्या मशीनपुढं जाऊन नारळ असा आपटला की पाणी चार बायकांच्या साडीवर उडालं.

“मग आमीच काय येडं?” तो ओरडला. “आँ? आमाला काय पोरंबाळं न्हाईत?”

त्याच्यामागून दुसरा गेला. मग तिसरा. आण मोडायला महिना लागला नाही, दिवस लागला नाही. चहा गार व्हायच्या आत टेबलावर एकच नारळ उरला, माझ्या वाट्याचा. फोडणाऱ्यांत शेवटचा इस्माईलभाई. त्यानं पंधरा नंबरपुढं नारळ फोडला, हार घातला, हात जोडले, आणि कुणाशीही न बोलता हात धुवायला गेला. सोळा मशिनी, आठ माणसं. साहेबांनी सगळ्यांना पेढे वाटले.

मी सात नंबरचं खोबरं कापून ताटलीत घेतलं आणि फिरलो. प्रसाद नको कुणी म्हणत नाही आमच्याकडं. पण सातही जणांनी हात मागं घेतले. धोंडिराम तर ताटलीत थुंकला असता, बायको होती म्हणून राहिला. “तुझं तू खा,” म्हणाला. “वर्षभर पुरव.” शेवटी ते सगळं खोबरं मी कागदात गुंडाळून कचऱ्याच्या पिपात टाकलं. प्रसाद कचऱ्यात टाकणारा मी आमच्या घराण्यात पहिलाच.

दुपारी सायकल स्टँडवर इस्माईलभाई कुलूप काढत होता.

“इस्माईलभाई, तुम्ही बघितलं न्हवं? मी काय करणार होतो? त्यानं मला कोपऱ्यात—”

“दोन शब्द होते, विल्या.”

“आन नोकरी गेली असती मग?”

“गेली असती. न्हाईतर नसती पण. तुला काय म्हाईत? तू बघितलंस तरी काय करून?” त्यानं सायकल बाहेर काढली. “सर्जेराव आता गाड्यावर बसला असंल. त्याला तू सांगणार का मी सांगू?”

“मी सांगतो.”

“तू काय सांगतोस ते बघितलं आज,” तो म्हणाला आणि गेला.

मी मागच्या गेटनं घरी गेलो.

दुसऱ्या दिवशी दसरा. सणाला घरात गोडधोड, पण मी दिवसभर कुणाच्या दारात गेलो नाही. अण्णांच्या घरी दरवर्षी सोनं द्यायला मी जायचो, पाया पडायचो. त्या वर्षी गेलो नाही. ताप आल्यासारखं होतंय असं सांगून पडून राहिलो. रंजना पोरीला घेऊन शेजारीपाजारी सोनं वाटून आली. ती माझ्याशी नेहमीसारखं बोलत होती, पण नारळाबद्दल अवाक्षर नाही. नारळ आदल्या दिवशी पिशवीत कुठनं आला हे तिला मीच सांगितलं होतं.

दिवेलागणीला दारात सायकल थांबली. मी उठून खिडकीतनं बघितलं. अण्णा. नवं धोतर, डोक्याला टोपी, हातात आपट्याच्या पानांची जुडी. वयानं मोठा माणूस धाकट्याच्या घरी सोनं घेऊन येत नाही. भांडायलाच आले, म्हटलं. या. द्या शिव्या. मनगटावर नको, थोबाडात द्या. खरं सांगतो, मला तेच हवं होतं. उत्तर तयार करून ठेवलं होतं मी. तुम्हीच नारळ गळ्यात मारला, तुम्हीच रोज येऊन जीव खाल्ला, तुमच्या हट्टापायी हे झालं. सगळं तयार होतं.

अण्णा आत आले, खुर्चीवर बसले. पानं माझ्या हातात दिली. “सोनं घे. सोन्यासारखा राहा.”

मी पाया पडलो. दुसरं काय करणार?

“इस्माईल भेटला काल,” ते म्हणाले. “सगळं सांगितलंन.”

“काय सांगितलं?”

“तू माझं नाव घेतलंस म्हणून. साहेबाच्या तोंडावर बोललास, नारळ सर्जेरावाचा हाय, पूजा सर्जेरावाची हाय. पण त्यो काय ऐकायला तयार न्हाई, दमदाटी करून मशीन तुझ्याच गळ्यात मारली.” अण्णा खुर्चीत पुढं सरकले. “एवढ्या माणसांत बोललास. मला वाटलं न्हवतं, विलास. खोटं कशाला बोलू. मला वाटलं, हा काय बोलत न्हाई.”

रंजना पाण्याचा तांब्या घेऊन दारात उभी होती. ती काल तिथं होती. तिनं माझा प्रत्येक शब्द ऐकला होता. तिनं माझ्याकडं बघितलं. मी तिच्याकडं बघितलं. मग तिनं तांब्या अण्णांच्या पुढं ठेवला आणि आत गेली.

इस्माईलभाईनं हे का केलं, मी त्याला कधी विचारलं नाही. त्या दिवसापासून तो माझ्याशी कामापुरतं बोलायचा. बऱ्याच वर्षांनी त्याच्या निरोपाच्या चहाला तो एवढंच म्हणाला, “तुझ्यासाठी न्हवतं ते.”

मी अण्णांना सांगू शकलो असतो. घरात साहेब नव्हता, कॅमेरा नव्हता. पण मी म्हणालो, “त्यो ऐकतोय कुणाचं, अण्णा?”

“न्हाईच ऐकायचा. जाऊ दे.” त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. “आता आमाला कोण परत बोलवत न्हाई. सोळा मशिनी चालू झाल्या म्हंजे संपलं. हुपरीला एक जण चांदीच्या कारखान्यात वॉचमन बघतोय, तिथं विचारलंय. हुईल कायतरी.”

मला त्यांचा राग आला. शिव्या घालणारा माणूस असा मऊ का झाला, याचाच राग आला. उठून जावा एकदाचे, असं झालं. पण ते उठले नाहीत. त्यांनी भिंतीवरच्या कॅलेंडरकडं बोट केलं.

“मागच्या महिन्याचं पान फाड. आन पेन घे.”

“कशाला?”

“दोन मशिनी चालवणार न्हवं उद्यापास्नं? सातची खोड तुला म्हाईत न्हाई. रिजेक्शन निघालं की त्यो तुला धरंल. घे लिहून.”

रंजनानं आतनं पेन आणून दिलं. मी पान फाडलं, पालथं घालून मांडीवर ठेवलं.

“सकाळी थंड असतीया तवर माप वीस मायक्रॉननं मोठं येतंय. पैले दहा नग. भिऊन मापाचा ऑफसेट बदलू नकोस, अकराव्याला आपोआप जाग्यावर येतीया. लिहिलंस? दार लावताना उजव्या कोपऱ्यात हातानं दाबायचं, न्हाईतर सेन्सर घेत न्हाई, आन तुला वाटंल मशीनच बंद पडली. नग धरायचा चक आवळताना आवाज बारीक आला तर समजायचं, खाली भुसा अडकलाय. तसाच चालवू नकोस.”

मी लिहीत होतो.

“आता दोन्हींचा मेळ. तुझ्या सहाचा नग अडीच मिनिटांचा, सातचा साडेतीनचा. आधी साताला नग लावायचा, दार लावायचं, मग सहाकडं जायचं. सहाचा निघाला, मोजला, दुसरा लावला की सात थांबायच्या आत वीस सेकंद राहत्यात. तेवढ्यात पाणी पिऊन घ्यायचं. दुसरीकडं कुठं सवड न्हाई, मी मोजून बघितलंय.”

कुठं मोजलं होतं या माणसानं? गाड्यावर बसून? रोज संध्याकाळी मला “कुणी हात लावला का” विचारत असताना हे गणित पण मनात मांडत होते काय? पान भरलं, समासात लिहिलं.

“झालं?” अण्णा म्हणाले. “वाच बघू एकदा.”

मी पहिल्यापासून सगळं वाचून दाखवलं. ते डोळे मिटून, प्रत्येक वाक्याला मान हलवत ऐकत होते. एका ठिकाणी त्यांनी हात वर केला. पहिले दहा नग म्हणायच्या जागी मी पहिले वीस लिहिलं होतं. त्यांनी माझ्या हातातनं पेन घेतलं, खोडलं, आणि दहा करून दिलं.